एकोणीस सेंटिमीटर पाणी

अहवालाच्या तिसऱ्या पानावर असे लिहिले होते : "दर्शनी दालनातील काचटाकीचे पाणी बाष्पीभवनामुळे निम्म्याहून खाली गेले. देखरेख करणाऱ्या कर्मचारी महिलेच्या अनवधानामुळे ते वेळीच भरले गेले नाही व जलवनस्पती उघड्या पडल्या. टाकी सोमवारी काठापर्यंत भरावी आणि संबंधितांस तोंडी समज देऊन प्रकरण मिटवावे."

विज्ञान संग्रहालयातल्या टाकीवाल्या बाईंनी हा मजकूर उभ्यानेच दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

बाष्पीभवन ही फारच गुणी प्रक्रिया असली पाहिजे. ते पाणी घेऊन एकोणीस सेंटिमीटरपर्यंत उतरले आणि तिथे, दिलेला शब्द पाळावा तसे, अकरा महिने केसभरही न हलता थांबले. उतरता उतरता त्याने चौदा प्लास्टिकच्या पेल्यांना भोके पाडली, त्यांत भाजक्या मातीचे खडे भरले आणि ते पेले मागच्या काचेला असे चिकटवले, की त्यांचे बूड तेवढे पाण्यात राहावे. प्रत्येक पेल्यात एक रोप लावून मुळे खाली सोडली, पाने वर काढली. कोरड्या हवेने रोपे दचकू नयेत म्हणून टाकीवर काचेचे झाकण ठेवले आणि दर आठवड्याला ते एकेक बोट सरकवले. एवढा सगळा उद्योग वाफेने केला, आणि तेवढा वेळ बाई अनवधानात होत्या.

अहवाल लिहिणाऱ्याला आधीची सहा वर्षे माहीत नसावीत. दर वर्षी रोपवाटिकेतून जलवनस्पतींची पेटी येई. नियमाप्रमाणे बाई रोपे तळाच्या वाळूत लावत, काठापर्यंत पाणी भरत, आणि पंधरा दिवसांत पाने काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळून जात. नवी पाने फुटण्याइतका उजेड त्या तळाशी कधी पोहोचलाच नाही. मग नवी पेटी. शेवटी एका सुटीच्या दिवशी बाई स्वतःच रोपवाटिकेत गेल्या. तिथे तीच रोपे घोट्याएवढ्या पाण्यात पाय ठेवून, डोकी हवेत काढून, मजेत उभी होती.

"नदीकाठी जाऊन बघा, बाई," माळी म्हणाला होता. "यांतली निम्मी झाडं काठावर उभी असतात. तुम्ही त्यांना पोहायला लावता, आणि वर मलाच विचारता, बुडाली का म्हणून."

बाई परतल्या त्या पेले विकत घेऊनच.

आता पाण्याच्या वर हातभर उंचीचा हिरवा काठ उभा होता. बोटाएवढे मासे मुळांच्या जाळीतून ये-जा करत. नऊ रोपांना फुले आली होती, आणि तिकिटाच्या रांगेतली माणसे आपला नंबर सोडून टाकीपाशी येत. बाई तेव्हा मुद्दाम लांब उभ्या राहत. जवळ गेल्या तर चेहरा आवरणे कठीण जाई.

अहवाल घेऊन त्या अधीक्षकांच्या खोलीत गेल्या.

"सही करा आणि सुटा, बाई," अधीक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. अहवालात अनवधान हा शब्द त्यांनीच सुचवला होता, बाईंना वाचवण्यासाठी.

"मी सुटेन, साहेब. झाडांचं काय?"

"पाण्यातलीच झाडं ना? त्यांना पाणी मिळेल."

"तुम्ही रोज अंघोळ करता. म्हणून तुम्हाला हौदात ठेवायचं का?"

अधीक्षक हसले, मग गंभीर झाले. "मुद्दाम केलं म्हणालात, तर तो विनापरवाना फेरफार होतो. मग चौकशी समिती बसते, आणि तिचा निकाल लागेपर्यंत टाकी जैसे थे. आणि तुमची रवानगी तळघरातल्या भांडारात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"जैसे थे म्हणजे एकोणीस सेंटिमीटर?"

"म्हणजे आहे तेवढं."

"कमी झालं तर भरायचं, पण वर जाऊ द्यायचं नाही?"

"अहो, मी तुम्हाला घाबरवतोय," अधीक्षक वैतागून म्हणाले, "आणि तुम्ही माझ्याकडून काम करून घेताय."

जेवायला घरी गेल्यावर बाईंनी सगळी हकिगत थोरल्या बहिणीला सांगितली.

"अनवधान म्हटलं तर अंगाला भोकं पडतात का गं तुझ्या?" अक्का म्हणाली.

"पडतात."

"तोंडी समज. कागदावरसुद्धा येणार नाही."

"अक्का, उभ्या आयुष्यात एक काम मनासारखं जमलं. ही साहेबमंडळी म्हणतात, ते आपोआप झालं. वर सोमवारी ते बुडवणार."

अक्काने ताटातली भाकरी मोडली, थोडी खाल्ली. "तळघरात दमट असतं. तुझे गुडघे."

"माहीत आहे."

"मग लिही. पण नीट लिही. चार माणसं वाचणार आहेत."

बाईंनी एकटाकी लिहिले. अधीक्षकांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि विचारले, "शेवटचं वाक्य गाळता का?"

"नाही, साहेब."

त्यांनी शिक्का मारला. अहवालाला जोडलेला तो कबुलीजबाब असा :

"टाकीतील पाणी मी स्वतः, विचार करून, एकोणीस सेंटिमीटरवर आणले आणि अकरा महिने तिथेच राखले. परवानगी मागितली नाही, कारण ती मिळाली नसती. चौदाही रोपे जिवंत आहेत. त्याआधी सहा वर्षे मी नियमाप्रमाणे काठापर्यंत पाणी भरून दर वर्षी पेटीभर रोपे मारली. त्याबद्दल मला आजवर कोणीही समज दिलेली नाही, तरी तो गुन्हाही मी इथेच कबूल करते."