याडीची घुगरी-टोपली

मारोतरावांनी शहामृगं आणली तेव्हा आमच्या तांड्यानं त्यांना उंटाच्या कोंबड्या म्हणून हसून घेतलं. केळापूरच्या रस्त्यावर त्यांचं हॉटेल आहे. वाघ बघायला येणारे पाहुणे तिथं उतरतात. वाघ नाही दिसला तर निदान आफ्रिकेचं पाखरू तरी दिसावं, असं मारोतरावांचं डोकं. दाणापाण्याचं काम माझ्याकडं आलं.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाहीत. वैशाखात आमच्या कोंबड्या पटापट मेल्या, कुत्री नालीत जाऊन पडली, आणि ही दोघं, नर अन् मादी, भर उन्हात पंख पसरून उभी. पाणी नावापुरतं. वाळका पाला खायचा आणि वर गोटे गिळायचे. ते गोटे पोटातच राहतात आणि जात्यासारखा पाला दळतात. पाखरं घेऊन आलेला माणूस जाताना सांगून गेला, "नराच्या नडग्या लाल झाल्या की आत एकटं जायचं नाही. गेलंच तर बाभळीची फांदी डोक्यावर उंच धरायची, आपल्याहून उंच असेल त्यालाच तो भितो. आणि अंगावर चमकणारं काही नको. बटण दिसलं तरी गिळतो."

मी घड्याळ काढून ठेवलं. याडीला, म्हणजे माझ्या आईला, बजावलं, "तिकडं फिरकू नको. नाहीतर टोपली काढून ठेव."

सुखीबाई नाव तिचं, पण तिला सुखानं कोणी काही सांगू शकत नाही. दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफलेली, चांदीच्या घुंगरांची घुगरी-टोपली ती झोपतानाही काढत नाही. नवरा मेला की आमच्या बाया ती उतरवतात. तिच्या वयाच्या बाकीच्यांनी ती केव्हाच पेटीत टाकली.

"तुहा बाप जित्ता हाय ना?" ती कडाडली. "मंग मी काहून काढू?"

बाप, प्रेमसिंग, लकव्यानं वर्षभर बाजेवर आहे. माणसं त्याला नीट ओळखू येत नाहीत, पण टोपली वाजली की मान वळवतो.

गेल्या मंगळवारी त्याचं औषध आणायला मी पांढरकवड्याला गेलो आणि परतीची एसटी चुकली. लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून गावोगाव फिरायच्या काळापासूनची आमच्या लोकांची एक खोड आहे. बैल उपाशी असेल तर घरात कोणी घास घेत नाही. बैल गेले, खोड राहिली. पाखरं भुकेली असतील म्हणून याडी पाल्याचा भारा घेऊन गेली.

मी पोचलो तेव्हा जाळीचं फाटक उघडं होतं. नराच्या नडग्या कुंकवासारख्या लाल. डावी टोपली त्याच्या चोचीत, याडीचे केस ताणलेले, गालावरून रक्त. दोन्ही हातांनी ती टोपली धरून उभी होती, आणि नरानं एक पाय उचलला होता. त्या लाथेनं माणसाचं पोट फाटतं.

"सोड, याडी!"

"नाही सोडत!"

भाऱ्यात खोचलेला विळा ओढून मी तिचे केसच कापले. टोपलीचा गोळा त्याच्या लांब मानेतून खाली सरकताना दिसला. मग त्याची नजर उजवीवर गेली. मी तीही कापली आणि लांब भिरकावली. तो त्या टोपलीमागं धावला, तीही गिळली, तेवढ्यात आम्ही बाहेर पडलो.

याडीला मी माझ्या हातानं विधवा केलं असं मला घरापर्यंत वाटत होतं.

बापानं तिच्या उघड्या कानशिलांकडं बराच वेळ पाहिलं. मग चालता हात स्वतःच्या छातीवर ठेवून चाचपला.

"सुखी, मी कवा मेलो व?"

मी नवी टोपली करून आणतो म्हटलं. याडी म्हणाली, "नव्याचा आवाज त्याले ओळखू येईन का?"

आज चौथा दिवस. भाकरी पुढं केली की बाप म्हणतो, "मेलेल्या मानसाले कायले चारता?" चमचाभर पाणी कसंबसं जातं. मी रोज सकाळी त्या नराची विष्ठा चाळणीनं चाळतो. काही निघत नाही. जे जड ते पोटातच राहतं, हे मला आधीच माहीत होतं. जाळीपलीकडून तो मान वाकडी करून बघत असतो. माझ्या बापाचा जीव त्याच्या पोटात दळला जातोय.

पाखरू मारोतरावांचं आहे. मी ते याडीला काल दोनदा सांगितलं. आज मी निघालो तेव्हा तिनं विळा घासून माझ्या हातात दिला.

"फांदी उंच घेजो," म्हणाली.