गार घर

नव्या राजधानीतल्या त्या घरात कूलर नव्हता, तरी भर मे महिन्यात फरशीवर पाय टेकले की बरं वाटायचं. त्याचं सगळं श्रेय यशदीपचं. घरांचे नकाशे वीज वाचवण्याच्या सरकारी नियमांत बसतात की नाही हे तपासायची त्याची नोकरी, आणि स्वतःचं घर बांधताना तर गडी नियमापासून तसूभर हलला नाही. पोकळ विटांच्या जाड भिंती, गच्चीवर पांढऱ्या फरश्या, प्रत्येक खिडकीवर रुंद छज्जा. खिडक्या दिवसा बंद, रात्री उघड्या. पाहुणा आला की हा त्याला भिंतीला हात लावून बघायला लावायचा. पाहुणे मात्र फारसे येत नसत.

नवरा, शामराव, गेल्यावर त्याची आई, कलावती, जुन्या शहरालगतच्या बीरगांवहून इथे राहायला आली. शामराव सिलतऱ्याच्या कारखान्यात होते. बीरगांवचं घर म्हणजे पत्र्याखालची भट्टी. संध्याकाळी आत बसायची कोणाची छाती नव्हती, त्यामुळे अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, गल्लीत. दारापुढे पाणी शिंपडायचं, खाटा टाकायच्या, आणि कोणाच्या सुनेने तोंड फुगवलंय इथपासून कारखान्यातून कोणाला काढलं इथपर्यंत सगळ्याचा निकाल तिथेच लावायचा. लहानगा यशदीप बापाच्या शेजारी लोळत झोप लागेपर्यंत बडबडायचा.

इथेही तिने आल्या आल्या दारापुढे पाणी शिंपडलं, खाट टाकली आणि वाट पाहत बसली. एवढा रुंद रस्ता, पण माणूस औषधालाही सापडेना. आजूबाजूची घरं तशीच नियमातली, तशीच गार. बाहेर मरायला कोण येणार? मुलगा आणि सून कामावरून आले की थेट आपल्या खोलीत. तिने हाक मारली की आतून यशदीपचं उत्तर, "आई, बाद में." त्याला मराठी कळायची, पण जिभेवर आता हिंदीच बसली होती. ते गार घर कलावतीला खायला उठायचं.

मग तिच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दोघं कामावर गेली की भर दुपारी ती सगळ्या खिडक्या सताड उघडायची. उन्हाची लू सरळ घरात. ही आपली घामाने निथळत बसलेली. त्यांची यायची वेळ झाली की साळसूदपणे खिडक्या बंद.

पहिल्याच संध्याकाळी सून चेतना खोलीतून बाहेर आली. "आई, किती उकडून राहिलं हो आज!"

"बाहेर खाट टाकली न मी. ये."

चेतना आली, तिच्यामागे यशदीप. इकडचं तिकडचं बोलणं निघालं. "बाबा के खर्राटों से पूरा पारा जागता था," असं म्हणत यशदीप खदखदून हसला. कलावतीला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

पुढच्याही संध्याकाळी तशाच गेल्या, पण यशदीपचा चेहरा उतरत चालला. ज्याने गावभर गारव्याची फुशारकी मारली त्याचंच घर तापावं? त्याने ठेकेदार दिवाकरला फोनवर फैलावर घेतलं. छतात माल कमी घातलास, म्हणाला. दिवाकर बिचारा शपथा घेत होता. ते ऐकून कलावतीने उद्यापासून खिडक्या नकोत असं ठरवलं, तरी दुपार झाली की हात खिडकीकडे जायचाच.

एका दुपारी यशदीप छत दाखवायला दिवाकरलाच घेऊन घरी आला. पडदे फडफडत होते आणि आई लालबुंद होऊन पदराने वारा घेत होती. दिवाकर समजला. "मैं चलता हूँ, सर," म्हणून त्याने काढता पाय घेतला.

"ये क्या है, आई? खिड़कियाँ क्यों खोलीं?"

"तू बाहेर येशील म्हणून," ती म्हणाली. "घर गार असलं का तू दिसतच नाई मले."

तो एकेक खिडकी लावत गेला.

दुसऱ्या संध्याकाळी घर गार होतं, तरी तो आपण होऊन बाहेर आला आणि खाटेच्या कडेवर बसला. "बोलो आई."

तिने काय काय साठवून ठेवलं होतं! पण असं 'बोलो' म्हटल्यावर एक शब्द आठवेना. दवाखान्यात कोणाला भेटायला आल्यासारखा तो बसला होता. मानेवरून घाम ओघळत होता, डोळे राहून राहून दाराकडे जात होते.

"तुले उकडून राहिलं का?"

"नहीं नहीं, ठीक है."

इतक्या अदबीने तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. तिला रडू कोसळेल असं झालं.

"जाय बापा, आत जाय."

"पक्का?"

"हव."

तो लगेच उठला. आतली गार हवा वाया जाऊ नये म्हणून त्याने मागे दार नीट लावून घेतलं.