तलवाड्याच्या वळणावरचे दगड

निजाम सरकारच्या तामिरात महकम्यातले, म्हणजे बांधकाम खात्यातले, ओव्हरसियर आसाराम यांनी अपघातानंतर चार महिन्यांनी मोटारसायकलीला हात लावला, तेव्हा पाय बरा झाला होता. मन मात्र अजून त्या वळणावरच पडून होते. या सोमवारी सडकेची पाहणी त्यांच्याकडून झाली नाही, तर गाडी आणि सडक दोन्ही दुसऱ्याच्या हाती जातील, असा वरून हुकूम होता.

गेवराईहून तलवाड्याला जाणाऱ्या नव्या सडकेवर, ओढ्यापाशी ते वळण. अंधारून आले तरी कड दिसावी म्हणून त्यांनीच तिथे चुना मारलेले सहा दगड रोवले होते. वर्षाच्या आत आयाबायांनी त्यांना शेंदूर फासला, नारळ फोडले. फटफटीवर मागे बसून मोजणीची साखळी सांभाळणारा शहादेव तेव्हा म्हणाला होता, "सायेब, दगडं दिसंना झालेत. चुना मारू का?"

"देव झालेत ते आता. हात लावलास तर गाव टाळकं फोडील तुझं," असे म्हणून आसाराम हसले होते.

आठच दिवसांनी, दिवेलागणीला, ते शेंदरी दगड मातीच्या रंगात मिसळून दिसेनासे झाले आणि फटफटी सरळ ओढ्यात कोसळली. शहादेव उठला नाही.

आज सोमवारी आसाराम वळणाच्या अलीकडेच थांबले. पुढे शहादेवाची बायको साखराबाई, आता सडकेच्या कामावर लागलेली, कुंच्याने दगडांना चुना मारत होती.

"गावानं अडवलं नाही?"

"अडवलं की! म्या म्हनलं, ह्या देवानं माझा धनी खाल्लाय. पांढरा न्हाई ऱ्हायला तर उपटून वढ्यात टाकीन. गप बसले समदे."

आसारामांनी मान खाली घातली. "साखराबाई, चुना मारू का म्हणून त्यानं विचारलं होतं. मीच नको म्हणालो."

कुंचा थांबला. ती म्हणाली, "आधी सांगाया पायजे व्हतं, सायेब." मग ती दगडाकडे वळली. "जावा आता. दिसतंय समदं."

पाय जमिनीला टेकवीत, बैलगाडीच्या चालीने त्यांनी वळण काढले. गाडी पडली नाही. पुढच्या खडबडीत पट्ट्यावर मात्र मागचे चाक नको इतके उसळू लागले. उतरून त्यांनी टायर दाबून पाहिला. सवयीने सकाळी दोन माणसांच्या वजनाची हवा भरली गेली होती.

झडप दाबून त्यांनी एकापुरती हवा ठेवली, आणि ते तलवाड्याकडे निघाले.