छातीत दुखायचं नाटक

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरी म्हणजे कमाल! पेशंट नुसता खोकला तरी यांच्या तोंडात रोगाचं नाव तयार. म्हणून मी नियमच करून टाकला: आधी काय दिसलं ते बोला, मग त्याचा अर्थ, रोगाचं नाव सगळ्यात शेवटी. परीक्षेत पेशंट मीच झाले होते, छातीत दुखतंय असं नाटक करत.

शेवटचा नंबर माझ्या सख्ख्या भाचीचा. ही गोगलगाय! प्रश्न विचारला की छताकडे बघत बसते. आज अडखळलीस तर वर्ष गेलं समज, असं मी तिला घरीच बजावलं होतं. तेव्हापासून ताई, म्हणजे तिची आई, माझ्याशी बोलत नव्हती. नसेना का!

सकाळी मी इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि गडबडीत नाश्ता राहून गेला होता. भाची कॉटजवळ आली तोवर मला एकदम हलकं हलकं, मजेशीर वाटायला लागलं. छत गरगरत होतं, हात थरथरत होते, आणि हसू काही आवरेना.

"काय ॲक्टिंग करतात मॅडम!" मागे पोरींनी टाळ्या वाजवल्या. "अगं, हार्ट अटॅक आहे, बोल ना पटकन!"

भाची माझ्या उशीकडे बघत होती. मी तिचा गाल ओढला आणि म्हणाले, "शाब्बास गं माझी छकुली!"

ती दचकलीच. मग मोठ्यांदा बोलायला लागली. "घामानं उशी भिजलीय. घामाचं नाटक करता येत नाही. हात कापतायत. आणि मावशी माझं कौतुक करतेय, म्हणजे ती भानावर नाही. मावशी, खाल्लंयस का काही?"

"खाल्लं की, तुझं डोकं!" मी खिदळले.

तिनं सरळ माझं बोट टोचून रक्त तपासलं. साखर पार तळाला गेलेली. मग काय धावपळ! एकीनं पाणी सांडलं, दुसरीनं साखरेचा डबाच उपडा केला, पण भाचीनं साखरपाणी घोट घोट माझ्या घशाखाली उतरवलं.

थोड्या वेळानं छत जागेवर आलं, आणि मग उमगलं. पोरीनं माझं कौतुक आजाराचं लक्षण म्हणून धरलं होतं, आणि बरोबर धरलं होतं. मला रडूच आलं.

"पास आहेस," मी म्हणाले. "पहिली आलीस."

पोरींनी नुसता कल्ला केला. भाची मात्र हसली नाही. माझं दुसरं बोट हातात घेत म्हणाली, "थांब, आधी पुन्हा तपासते. मग खरं धरते."