नोंद न आल्यास

खैरबोडी धरणाच्या चौकशी समितीचा निष्कर्ष एका वाक्याचा होता : ‘पूर-इशाऱ्याचा संगणक-प्रोग्राम सी या सिद्ध भाषेतून रस्ट या अननुभवी भाषेत नेल्यामुळे भोंगा वाजला नाही.’ भाषेलाही अनुभव असतो, हा शोध समितीचाच. नाल्यात मासे धरायला उतरलेला इसरू सांडव्यावरून आलेल्या लोंढ्यात वाहून गेला, हे परिशिष्टात होते. खाली नूतनची सही तेवढी बाकी होती. नवा प्रोग्राम तिचा. सही केली की इसरूचे मरणही तिच्याच माथी.

बाहेर ओसरीवर इसरूची बायको बुधरी बसली होती. नूतन आत येताना तिने एवढेच विचारले होते, “भोंग्याले कोनती भाषा लागते, बाई?”

आत गुणवंतराव रंगात होते. जुना प्रोग्राम त्यांचा, वीस वर्षांचा.

“सी म्हणजे सागवान, साहेब. अन् हे रस्ट नवी सून. जरा काही झालं का बोंबलते!”

“पाण्याची नोंद आली नाई, तर आली नाई म्हणते, भाऊ,” नूतन म्हणाली. “तुमचं सागवान तेवढंही बोलत नाई.”

पाणी मोजणारे यंत्र अधूनमधून मुके होई; इसरू वाहून गेला त्या दिवशीही झाले होते. जुना प्रोग्राम तेव्हा मागचाच आकडा ताजा म्हणून पुढे करी. नव्या भाषेत मात्र नोंद नसल्यास काय करायचे, हे लिहिल्यावाचून प्रोग्राम उभाच राहत नव्हता. नूतनने लिहिले होते : भोंगा वाजवा. महिनाभर दोन्ही प्रोग्राम शेजारी-शेजारी तपासले गेले. फरक पडला की जुने खरे, हा कार्यालयाचा रिवाज. अकरा वेळा फरक पडला, अकराही वेळा नवी भाषा खोटी ठरली. धरणावर जाऊन पाणी पाहिले कुणीच नाही. पुढे वरून हुकूम आला, म्हणून नाइलाजाने नवा प्रोग्राम सुरू झाला.

“साहेब, सही करतो,” नूतन समितीप्रमुख प्रफुल यांना म्हणाली. “आधी त्या दिवशी चालू असलेला प्रोग्राम उघडा.”

पडद्यावर तिची ‘भोंगा वाजवा’ ही ओळ नव्हती. अपघाताच्या सहा दिवस आधी ती कुणीतरी काढली होती. प्रत्येक बदलाशी करणाऱ्याचे नाव आणि कारण नोंदवावेच लागे. गुणवंतरावांनी नियम इमानाने पाळला होता. ते आता खिडकीबाहेर बघत होते. प्रफुल यांनी नाव वाचले, मग कारण मोठ्याने वाचले :

“हे भाषा फार ओरडते. नोंद आली नाई तर मागचाच आकडा द्यावा. सी मध्ये मी वीस वर्षं हेच केलं. कोणी मेलं नाई.”