दुसरा रिमोट

जगात राज्य करायच्या दोनच रीती आहेत. एक तर सगळ्यांना मिळून एकच हुकूम सोडावा, नाही तर ज्याला त्याला वेगळा. या प्रश्नापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. निवृत्त स्टेशनमास्तरांचं राज्य जेवणाच्या टेबलाएवढं होतं, कारण ते जेवणाचंच टेबल होतं. बायको गेल्यापासून मास्तर ओट्याशी उभ्यानेच जेवत. रिकाम्या टेबलावर त्यांनी खेळातले रूळ अंथरले, पुठ्ठ्याचं स्टेशन बांधलं, दोन इंजिनं आणली आणि गाडं अडलं ते या प्रश्नावर.

दुकानदाराने दोन खोकी पुढ्यात ठेवली. "हे जुन्या पद्धतीचं. बटण फिरवलं की रुळांत वीज जाते आणि रुळांवर असेल ते सगळं पळतं. आणि हे डिजिटल. यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर. ज्याला हाक माराल तेच हलणार, दुसरं ढिम्म. दोन रिमोट येतात, दोघांनी दोन गाड्या चालवाव्यात." मग त्याने सहज विचारलं, "घरात चालवणारे किती?"

उभ्या नोकरीत मास्तरांनी एकदाही खोटा सिग्नल दिला नव्हता.

"दोघं," ते म्हणाले.

संध्याकाळी परगावच्या लेकीचा फोन आला, तेव्हा डिजिटल खोकं आणल्याचं त्यांनी सांगितलं.

"अण्णा, दोन रिमोट? दुसरा काय उशाशी घेऊन झोपणार?"

"एखादा बिघडला तर असावा."

"उद्या जाऊन बदलून आणा. साधं बटणाचं घ्या. आणि मी येऊन चालवीन अशा आशेवर असाल तर आधीच सांगते, मला रजा नाही."

"तुला कोण बोलावतंय? बघतो."

"आईलाही असंच 'बघतो' म्हणायचात. ती बिचारी बघतच राहिली."

लेकीचं बरोबर होतं. खोकं बदलायचं म्हणजे घरात आपण एकटेच आहोत हे दुकानदाराच्या तोंडावर कबूल करायचं, इतकाच काय तो प्रश्न होता. निदान एकदा चालवून बघू, म्हणून मास्तरांनी एक गाडी स्टेशनातून काढली आणि फलाट संपायच्या आत थांबवली. सवय! एकेरी रुळावर पुढच्या स्टेशनची परवानगी घेतल्याशिवाय गाडी सोडायची नसते. फोन उचलायचा, "लाईन क्लिअर?" विचारायचं, पलीकडून "क्लिअर" आलं की मगच झेंडी. जन्मभर हेच केलेलं.

पलीकडच्या स्टेशनचा मास्तरही जन्मभर एकच. त्याचं तोंड मात्र यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण यांची ड्यूटी असली की त्याचीही असे. ओळख होती ती आवाजाची आणि खोकल्याची. बायको त्याला "तुमचे पलीकडले" म्हणायची. निवृत्त झाल्यापासून पलीकडल्यांना फोन करायला कारणच उरलं नव्हतं. मास्तर बराच वेळ फोनपाशी घुटमळले. मग त्यांनी नंबर फिरवला.

"कोण?"

"अलीकडचा."

पलीकडे आधी खोकला झाला. "बोला मास्तर. कुठली गाडी?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. टेबल सांगितलं, रिमोट सांगितले, दुकानदाराला काय सांगितलं तेही सांगितलं. पलीकडल्यांनी गंभीरपणे विचारलं, "स्टेशनं किती?"

"एक."

"तुमचं?"

"माझं."

"मग मी काय सिग्नलच्या खांबावर बसू?"

रविवारी पलीकडले आले, तोवर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काड्यापेटीचं स्टेशन उभं होतं. माणूस ठेंगणा निघाला. आवाजावरून मास्तरांनी चांगला सहाफुटी धरला होता. दोघं समोरासमोर बसले, रिमोट हातात घेतले आणि मास्तरांनी "लाईन क्लिअर?" विचारलं.

"जमत नाही हो," पलीकडले म्हणाले. "तुमच्या तोंडाकडे बघून क्लिअर कसं म्हणायचं? मी आपला आत बसतो. फोनवर या."

ते रिमोट घेऊन झोपायच्या खोलीत गेले. मास्तरांनी मागून दार लावून घेतलं आणि फोन लावला.

"लाईन क्लिअर?"

"क्लिअर."

मास्तरांची गाडी सुटली, काड्यापेटीपाशी पोचली. मग दाराआडून विचारणा झाली, यांनी क्लिअर दिलं, दुसरं इंजिन निघालं. एक हलताना दुसरं ढिम्म. आपली गाडी कुठवर आली हे पलीकडल्यांना दिसत नव्हतं. पण ते त्यांना नोकरीतही दिसत नसे.

बऱ्याच फेऱ्या झाल्यावर मास्तर फोनवर हळूच म्हणाले, "आमची ही गेली."

"कळलं होतं."

"फोन नाही केलात."

"करणार होतो. पण गाडी नसताना तुमच्याशी काय बोलतात, ते कुठे माहीत होतं?"

रूळ मोकळे होते. दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही. आता खोकं बदलून आणायचं नाही, हे मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं.

"मास्तर," पलीकडून घसा खाकरला गेला, "एक विनंती होती. केव्हापासून सांगीन म्हणतोय, पण ड्यूटीच्या मधे कसं बोलायचं..."

मास्तरांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि फोन कानाशी घट्ट धरला. "बोला हो. मोकळेपणाने बोला."

"तुम्ही दाराला बाहेरून कडी घातलीय. तेवढी काढा. मला लघवीला जायचंय."