रिकाम्या हातांनी

दिग्दर्शकानं तिच्या हातातली बॅग हिसकावून विंगेत भिरकावली.

"बाई, शेवटचा प्रवेश आहे. नायिका घर सोडतेय, सहलीला नाही चाललेली."

"घर सोडणारी बाई काहीच नेत नाही?"

"आत्मसन्मान नेते! रिकामे हात, ताठ मान. मागे वळायचं नाही. टाळ्या तिथंच पडतात. आणि आज बॅग दिसली, तर उद्या दुसरी नटी उभी करीन."

टाळ्या पडायच्या, हे खोटं नव्हतं. तरुणपणी ती डोळ्यांत पाणी आणून सोसणाऱ्या बायका करायची, तेव्हाही पडायच्या. मग सोसणं जुनं झालं. आता बाईनं ठसक्यात निघून जायचं. बाईनं कसं दिसावं हे ठरवणारे तेवढे खुर्चीतून हलले नव्हते. आणि प्रयोग संपला की घरी जाऊन भांडी तीच घासत होती, तेव्हाही आणि आताही.

मेकअपच्या खोलीत धाकटी बहीण अंग चोरून बसली होती. पहिल्या प्रयोगाला हिनं तळहात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या होत्या. मागच्या महिन्यात नवऱ्यानं हात उचलला, तशी हीसुद्धा निघाली. ताठ मानेनं, रिकाम्या हातांनी. चष्मा, दाखले, थायरॉइडच्या गोळ्या, सगळं तिकडंच. आणायला परत गेली, तर सासू दारातच हसली, "आलात? संपलं वाटतं नाटक!"

"ताई, मी नाही बसत आज. तसंही मला लांबचं धूसरच दिसतं."

"बस गं. कडेच्या खुर्चीवर बस."

शेवटचा प्रवेश आला. ती दाराकडे गेलीच नाही. विंगेतून उचलून पलंगाखाली लपवलेली बॅग तिनं ओढली आणि कपाट उघडलं. नेपथ्यातलं कपाट रिकामंच असतं, पण पडदा उघडण्याआधी तिनं ते घरच्या सामानानं भरून ठेवलं होतं. कपडे, आतले कपडे, दाखल्यांची पिशवी, चार्जर. एकेक घडी घालत ती भरत राहिली. कंबर धरली होती. चेन बसेना, तेव्हा तिनं बॅगेवर गुडघा रोवला. ताठ मान वगैरे काही उरली नाही.

विंगेत दिग्दर्शक दात-ओठ खात होता. टाळी एकही नाही. कुणी तरी खाकरलं. पुरुषांच्या दोन-तीन खुर्च्या करकरल्या.

बॅग उचलून ती दाराशी पोचली.

"अहो," पुढच्या रांगेतून एक बाई न राहवून बोललीच, "चष्मा राहिला की तुमचा, टेबलावर!"

खरंच राहिला होता.

"आणि गोळ्या, ताई," कडेच्या खुर्चीवरून आवाज आला.

ती मागे वळली.